काट मारलेली गावं

माझ्याकडे चौकटींची दोनशे पानी वही आहे. बावीस वर्षं शाळेच्या सहली मी अशाच वह्यांत आखल्या. एसटी किती वाजता सुटणार, वाटेत पाणी कुठे मिळेल, मुलींची सोय कुठे होईल, दिवस मावळायच्या आत मुक्कामी कसं पोचायचं, सगळं चौकटीत. गेल्या वर्षी मे महिन्यातली एक सहल मी त्याच वहीत आखली. न्यूरेम्बर्ग, बांबेर्ग, पिल्झेन, प्राग. चार दिवस, सगळा प्रवास रेल्वेने, आणि सहलीचा विषय बिअर. हे लिहिताना आजही हात अडखळतो.

का अडखळतो ते आधी सांगते. माझे वडील गवंडी होते. धरणाच्या कामावर जायचे आणि आठवड्याचा पगार झाला की परत येताना गुत्त्यावर थांबायचे. मी नऊ-दहा वर्षांची असताना आई मला कंदील देऊन त्यांना आणायला पाठवायची. मोठी माणसं गेली तर भांडण होतं, पोरीला ते काही करणार नाहीत, असा तिचा हिशोब. तो बहुतेक वेळा बरोबर ठरायचा. काळा गूळ आणि नवसागर यांचा कुजका वास गुत्त्याच्या बाहेर शंभर पावलांवर यायला लागायचा. त्या वाटेवर मी एक विद्या शिकले. माणूस किती प्यायला आहे हे मला त्याच्या पावलांवरून कळतं. आवाज कुठल्या पट्टीत गेला की हात उठतो, हसणं कुठे संपतं आणि शिवी कुठे सुरू होते, हे कळतं. ही विद्या मी पन्नास वर्षं जपली. तिचा मला अभिमानही होता.

मोठेपणी मी दारूबंदीच्या कामात ओढली गेले, त्यात नवल नाही. आमच्या गावात मतदान झालं तेव्हा उभी बाटली आणि आडवी बाटली ही दोन चिन्हं बायकांना समजावत मी घरोघर फिरले. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली तरच दुकान बंद होतं, म्हणजे घरात बसून राहिलेली बाईही विरोधातच धरली जाते. आम्ही म्हाताऱ्या बायकांना रिक्षातून आणलं. दुकान बंद झालं. त्याआधी हातभट्टीची मडकी फोडली होती, तेव्हाही मी पुढे होते. आज पुन्हा मतदान झालं तर मी पुन्हा आडव्या बाटलीलाच मत देईन. माझं मत बदललं, पण ते याबद्दल नाही.

ते बदललं माझ्या लेकीबद्दल. खरं म्हणजे माझ्याबद्दल.

माझी लेक नोकरीसाठी न्यूरेम्बर्गला असते. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात तिच्या ऑफिसातल्या कुणीतरी काढलेला एक फोटो फिरत फिरत माझ्या फोनवर आला. लांब लाकडी बाक, सात-आठ माणसं, मधे ती, आणि तिच्या हातात फेसाळता ग्लास. ती हसत होती. मी फोन लावला. ती "आई" म्हणायच्या आत मी म्हणाले, "आजोबांचं रक्त उतरलं तुझ्यात." फोन ठेवला. त्यानंतर आठ महिने आम्ही कामापुरतं बोललो. पैसे पोचले का, डॉक्टरकडे गेलीस का, पाऊस आहे का.

ते वाक्य मी विचार करून बोलले नव्हते, असं स्वतःला सांगून पाहिलं. पण ते खोटं आहे. इतकं नेमकं वाक्य विचार केल्याशिवाय येत नाही. ते माझ्या मनात कित्येक वर्षं तयार होतं, फक्त निमित्त मिळायचं होतं.

मे महिन्यात तिच्याकडे जायचं आधीच ठरलेलं होतं, तिकीट काढलेलं होतं. जायच्या महिनाभर आधी तिचा फोन आला. म्हणाली, "आई, मी चार दिवस रजा काढलीय. आपण दोघी फिरू. आखायचं तू, माझ्यापेक्षा तुला चांगलं जमतं. रेल्वेने जाऊ. पण ही बिअरच्या गावांची सहल आहे. मला तुझ्यापासून आणखी लपवायचं नाही." मी बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "गाड्यांच्या वेळा पाठव."

रेल्वे हा माझा हळवा कोपरा आहे हे तिला माहीत होतं. लहानपणी साताऱ्याच्या फलाटावर गाड्या पाहायला मी नुसतीच जात असे. तिने मला बरोबर तिथे पकडलं.

पहिला आराखडा मी प्रामाणिकपणे केला नाही. तिने पाठवलेल्या यादीतल्या प्रत्येक बिअरच्या जागेवर मी काट मारली आणि बाजूला दुसरं काहीतरी लिहिलं. बांबेर्गमध्ये कॅथेड्रल आणि तिथला तेराव्या शतकातला दगडी घोडेस्वार. पिल्झेनमध्ये शंभर मीटरहून उंच मनोरा असलेलं चर्च आणि तिथलं मोठं सिनॅगॉग. प्रागमध्ये पूल, किल्ला, घड्याळ. वर माझ्या बाजूने पुरावाही जोडला. चेक बिअरच्या माहितीत १० आणि १२ असे आकडे दिसले होते. मी तिला कळवलं, "बारा टक्के! ही काय साधी बिअर आहे?"

तिचं उत्तर आलं. तो आकडा मद्याचा नाही, आंबवण्याआधी रसात किती साखर आणि सत्त्व उतरलंय त्याचं माप आहे. बारा अंशांच्या पिल्झनरमध्ये मद्य साधारण साडेचार ते पाच टक्केच असतं. आणि पुढे एवढंच, "आई, ही सहल तुझ्या शाळेची झाली. माझी नाही."

मी आयुष्यभर मुलांना सांगत आले की माहीत नसेल तर विचारावं, अंदाजाने उत्तर लिहू नये. दारूच्या बाबतीत मी पन्नास वर्षं अंदाजाने उत्तर लिहीत होते आणि स्वतःच त्यावर पूर्ण गुण देत होते.

मग मी नवीन पान उघडलं आणि आखणी नीट केली. आखणाऱ्याला मर्यादा आधी माहीत असाव्या लागतात. दिवसात किती ठिकाणी जायचं? एका. जेवण आधी की नंतर? बरोबरच. परतीची शेवटची गाडी कुठली, आणि तिच्या आधीच्या दोन कुठल्या? गाडी चालवण्याचा प्रश्नच येत नव्हता, म्हणून तर रेल्वे. चेक देशात रक्तात मद्याचा अंशही असताना गाडी चालवायला बंदी आहे, हे मला तेव्हाच कळलं आणि त्या देशाबद्दल पहिल्यांदा बरं वाटलं. बांबेर्गसाठी बव्हेरियाचं दिवसाचं तिकीट घ्यायचं ठरवलं. ते प्रादेशिक गाड्यांत चालतं, पाच जणांपर्यंत एकत्र काढता येतं, पण कामाच्या दिवशी सकाळी नऊच्या आधी वापरता येत नाही. म्हणून ९ नंतरची गाडी. पिल्झेनला जायला वाटेत श्वांडॉर्फला गाडी बदलायची. पिल्झेनचा बिअरचा कारखाना मुख्य स्टेशनपासून पायी दहा मिनिटांवर. आतली फेरी आधी नोंदवावी लागते, दीड तासाहून जास्त चालते, तळघरात थंडी असते म्हणून स्वेटर. हे सगळं लिहिताना माझ्या लक्षात आलं की मला मजा येतेय. त्या क्षणी मी वही मिटली.

न्यूरेम्बर्गला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी लेकीने मला रेल्वेच्या संग्रहालयात नेलं. जर्मनीतली पहिली वाफेची गाडी इथून शेजारच्या फ्युर्थपर्यंत १८३५ च्या डिसेंबरात धावली. आपली बोरीबंदर ते ठाणे धावली त्याच्या सतरा वर्षांहून थोडं जास्त आधी. सुरुवातीला नुसती माणसं नेली जायची. पुढच्या वर्षी, १८३६ मध्ये, त्या गाडीने पहिल्यांदा माल नेला. दोन पिंपं बिअर. मी तो मजकूर तिच्याकडून दोनदा वाचून घेतला. वडील जायचे त्या गुत्त्यावर माल रात्री उसातून यायचा, सायकलच्या ट्यूबमध्ये भरून, पोलिसांच्या नजरेआड. इथे देशातली पहिली मालवाहतूक म्हणून त्याची नोंद संग्रहालयात आहे. एक गोष्ट चोरून आली आणि एक उजेडात आली. हा फरक मला महत्त्वाचा वाटला, पण का ते तेव्हा सांगता आलं नसतं.

तिसऱ्या दिवशी आम्ही बांबेर्गला गेलो. तासाभराच्या आतला प्रवास. स्टेशनपासून जुन्या गावात चालत वीसेक मिनिटं. नदीच्या मधोमध बांधलेली जुनी नगरपालिका, दोन्हीकडे पूल. हे गाव १९९३ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. घोडेस्वार पाहिला, तो माझ्या यादीतला होता. मग तिच्या यादीतली जागा. गल्लीतलं जुनं, काळवंडलेल्या तुळयांचं श्लेंकेर्ला. इथली बिअर धुराची. मोड आलेलं जव बीच झाडाच्या लाकडांच्या जाळावर सुकवतात, त्याचा धूर दाण्यात उतरतो. लेकीने ग्लास माझ्यापुढे धरला. मी प्यायले नाही, पिणारही नाही, पण वास घेतला. चुलीच्या मागे टांगलेल्या शिंक्याचा वास होता. नवसागर नव्हता. मी ग्लास परत दिला आणि बाहेर जाऊन उभी राहिले. मला चुकल्यासारखं झालं होतं. शत्रूच्या घरात आजोळचा वास यावा तसं.

दुपारी आम्ही टेकडीवर गेलो. आता जे सांगायचं आहे ते तिथलं आहे.

बांबेर्गच्या टेकड्यांच्या पोटात बिअर साठवायची तळघरं खोदलेली आहेत. बर्फाचं यंत्र नव्हतं त्या काळात उन्हाळ्यात बिअर टिकायची ती तिथे. सोळाव्या शतकापासून बव्हेरियात उन्हाळ्यात बिअर बनवायलाच मनाई होती, म्हणून थंडीत बनवलेली पुरवून वापरावी लागे. तळघर आणखी थंड राहावं म्हणून वर रुंद पानांची, सावली धरणारी चेस्टनटची झाडं लावली. मग त्या सावलीत बाक आले, लोक आले. तिथले लोक अजूनही तळघरात जातो म्हणत नाहीत, तळघरावर जातो म्हणतात. त्यांच्या भाषेत तळघराला केलर म्हणतात आणि अर्ध्या लिटरच्या ग्लासला 'साइडला'. अशा बऱ्याच जागी घरचं खाणं न्यायला कुणी हरकत घेत नाही. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. प्यायचं मात्र खिडकीवर जाऊन स्वतः आणायचं, ग्लासची अनामत ठेवून.

लेकीने तिच्यासाठी एक साइडला आणला, माझ्यासाठी सोडा घातलेला सफरचंदाचा रस. समोर खाली लाल कौलांचं गाव, कॅथेड्रलचे चार मनोरे. मी पर्स मांडीवर घट्ट धरून बाकाच्या टोकाला बसले. बाहेर पडायचा रस्ता मला दिसत होता. मी नेहमी अशीच बसते, लग्नाच्या पंगतीतही. का बसते हे मी कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

आमच्या बाकावर पलीकडे एक कुटुंब होतं. पंच्याहत्तरीचे आजोबा, त्यांची मुलगी असावी अशी एक बाई, एक लहान मुलगा आणि एक लहान मुलगी. आजोबांपुढे साइडला होता. माझी विद्या आपोआप कामाला लागली. मी घड्याळ पाहिलं. पहिला घोट. हात कापतो का? नाही. आता आवाज चढेल. मुलगा आजोबांच्या कोपराला लागून बसलाय, त्याला बाजूला घ्यायला हवं. मुलीने सरबत सांडलं, आता. मी पर्स आणखी घट्ट धरली. आजोबांनी खिशातून रुमाल काढला आणि बाक पुसला. मुलगी हसली. त्यांनी पाव आणि मुळ्याच्या चकत्या काढल्या, मुलाला एक भरवली. पाऊण तास झाला. ग्लास अर्ध्यावर. मी वाट पाहत राहिले. सव्वा तास. दीड तास. शेवटचा घोट. आता उठतील तेव्हा कळेल, पाय खोटं बोलत नाहीत. ते उठले. ग्लास हातात घेऊन खिडकीपर्यंत गेले, अनामत परत घेतली, नाणं मुलाला दिलं. पाय सरळ होते. नळावर त्यांनी दोन्ही मुलांचे हात धुवून दिले. मग चौघं उतारावरून खाली गेली, मुलीने आजोबांचं बोट धरलं होतं.

काहीच झालं नाही. मी दीड तास अंग आवळून ज्याची वाट पाहिली ते आलंच नाही. माझे खांदे दुखत होते. जिथे जिथे कुणाच्या हातात ग्लास दिसला तिथे पन्नास वर्षं हे खांदे असेच दुखले असणार, आणि मला ते कळलंही नव्हतं.

मी मान वळवली आणि सवयीने लेकीच्या ग्लासकडे पाहिलं. तळाला दोन बोटं शिल्लक होती.

ती हळूच म्हणाली, "आई, तू मला मोजतेयस."

मी म्हणाले, "नाही गं."

"मोजतेयस. आधी त्या आजोबांना मोजत होतीस. मला तर नेहमीच मोजतेस. मी होस्टेलवरून सुट्टीला यायचे तेव्हा दारातच तू मला जवळ घ्यायचीस. मला वाटायचं, किती माया. मग एकदा कळलं, तू वास घेतेस."

ती रडत नव्हती, चिडलेलीही नव्हती. हवामान सांगावं तसं सांगत होती. मला तिला सांगायचं होतं की दोन्ही होतं, माया होती आणि वासही घेत होते. पण ते तोंडातून निघालं नाही, कारण वास घेत होते हे खरं होतं. कुठलंही व्यसन नसलेल्या, होस्टेलच्या डाळभाताने वाळलेल्या पोरीला मी दारात हुंगून मगच घरात घेत होते. तिने ते ओळखलं, आणि तरीही पुढची कित्येक वर्षं दारात आल्यावर ती माझ्या मिठीत शिरत राहिली.

मी वडिलांना शोधायला कंदील घेऊन गेले होते, तो मी कधी खाली ठेवलाच नाही. तो मी प्रत्येकाच्या तोंडासमोर धरत आले. नवऱ्याच्या मित्रांच्या, भावाच्या, जावेच्या मुलाच्या. भावाने एका लग्नात बिअर घेतली म्हणून मी त्याच्या घरी दोन वर्षं गेले नाही. तो घर चालवतो, आईचं शेवटचं आजारपण त्याने काढलं, आणि मी त्याच्या हातातलं पाणी प्यायला तयार नव्हते. ही माझी नीती नव्हती. भीती होती, आणि तिला मी नीतीचं नाव दिलं होतं. भित्रा माणूस निदान दुसऱ्यांना शिक्षा देत नाही. मी देत होते.

वडिलांचाही विचार त्या बाकावर वेगळ्या तऱ्हेने आला. गुत्त्यावर बाक नव्हता. उजेड नव्हता. खायला तळहातावरचं मीठ आणि मूठभर चणे. उभ्याउभ्या दोन मिनिटांत घशाखाली ओतायचं, कुणी बघायच्या आत, कारण जे विकलं जात होतं ते चोरीचं आणि जे पीत होते ते लाजेचं. तिथे बायको नव्हती, नातवंडं नव्हती, थांबायला कारण नव्हतं. मी नेहमी म्हणत आले, त्यांचा स्वभावच तसा. स्वभावाखेरीज आणखी काही असेल हे पाहायचं मी नाकारलं होतं. आईच्या पाठीवरचे वळ मी विसरलेले नाही, आणि त्याची माफी माझ्या हातात नाही. पण दिवसभर दगड वाहून आलेल्या त्या माणसाला मी एकदाही विचारलं नाही की काय होतंय. मी फक्त पावलं मोजली.

खाली उतरताना मी लेकीला म्हणाले, "ते रक्ताचं बोलले ते..." ती म्हणाली, "माहीत आहे." मी म्हणाले, "नाही, मला पूर्ण बोलू दे. ते चुकीचं होतं. मी चुकले." ती थांबली, तिने माझी पर्स माझ्या हातातून घेतली आणि स्वतःच्या खांद्याला लावली.

दुसऱ्या दिवशी पिल्झेनला गेलो. सीमेजवळच्या भागात रुळांवर विजेच्या तारा नाहीत, गाडी डिझेलवर धावते, दोन्ही बाजूंना जंगल. मी खिडकीशी बसून वहीत काहीच लिहिलं नाही. पिल्झेनची गोष्ट मला आधी वाचून अर्धवट माहीत होती. १८३८ मध्ये गावकऱ्यांनी बिअरची ३६ पिंपं नगरपालिकेसमोर ओतून दिली, असं सांगतात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खूश झाले होते, आमच्यासारखीच बाई-माणसं असतील म्हणून. नंतर कळलं, बिअर होती म्हणून ओतली नव्हती, वाईट होती म्हणून ओतली होती. मग गावाने मिळून कारखाना काढला, बव्हेरियातून योझेफ ग्रोल नावाचा कारागीर आणला आणि १८४२ च्या ऑक्टोबरात त्याने फिक्या सोनेरी रंगाची पहिली पिल्झनर उकळली. गावचं पाणी मऊ, झाटेट्सचे हॉप्स, हलके भाजलेले जवाचे मोड. आज जगभर जी सोनेरी बिअर पितात तिचं मूळ या एका गावातल्या नाराजीत आहे.

आतल्या फेरीत एका ठिकाणी जवाच्या वाट्या मांडल्या होत्या. भिजवलेले दाणे, मोड आलेले, सुकवलेले, भाजलेले. हाताळायला परवानगी होती. मी मोड सुकवलेला दाणा दाताखाली धरला. गोड. आणि मला एकदम आठवलं. लेक तान्ही असताना मी नाचणी भिजवून, फडक्यात बांधून मोड आणून, सावलीत वाळवून, खमंग भाजून, दळून, वस्त्रगाळ करून सत्त्व करायचे. हेच. पायरीन् पायरी हेच. मोडामुळे दाण्यातल्या पिठाची साखर व्हायला लागते, म्हणून बाळाला पचतं. तीच साखर यीस्टला दिली की बिअर होते. तिला मी हाताने भरवलेल्या गोष्टीचा हा लांबचा भाऊ. मी लेकीला ते सांगितलं. ती म्हणाली, "मला गेल्या दोन वर्षांपासून हे तुला सांगायचं होतं." माझ्याशी कुणाला या विषयावर बोलता येत नव्हतं, म्हणून नाचणीसुद्धा तिच्या पोटात राहिली.

तळघरात ओकच्या मोठ्या पिंपातून न गाळलेली बिअर देतात. तिने घेतली. मी स्वेटर घालून शेजारी उभी होते. ग्लासकडे मी पाहिलं नाही, हे मला नंतर लक्षात आलं.

प्रागबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण दमलो होतो. पिल्झेनहून दर तासाला गाडी मिळते, गावाबाहेर पडल्यावर चार किलोमीटरहून लांब बोगदा लागतो. हुसोवा रस्त्यावरच्या 'सोनेरी वाघ' या जागेत लेखक बोहुमिल ह्राबाल बसायचे, आणि १९९४ मध्ये तेव्हाचे चेक राष्ट्राध्यक्ष हावेल अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांना तिथे घेऊन आले होते. दुपारी दार उघडायच्या वेळेला आम्ही पोचलो तर आधीच भरलं होतं. दारातून पाहिलं. वेटर टेबलावरच्या कागदाच्या पट्टीवर प्रत्येक ग्लासाची रेघ मारत होता. तिथे मोजायचं काम त्याचं होतं. आम्ही बाहेर पडून आइस्क्रीम खाल्लं.

सगळं गोड होतं असं मी सांगणार नाही. न्यूरेम्बर्गच्या स्टेशनबाहेर सकाळी आठला बाटली घेऊन बसलेली माणसं मी पाहिली. त्यांच्यातल्या एकाचे पाय मला ओळखीचे वाटले, अगदी माझ्या वडिलांचे. बाक, उजेड, घरचं खाणं, सगळं असूनही माणसं बुडतात. दारू निरुपद्रवी आहे असं मला वाटत नाही आणि आमच्या गावात दुकान उघडू नये यासाठी मी अजूनही उभी राहीन. पण त्या माणसाजवळून जाताना मी पहिल्यांदा नाकाला पदर लावला नाही. लेकीने त्याच्या पेल्यात नाणं टाकलं, मी तिला अडवलं नाही.

परत आल्यावर मी भावाकडे गेले. आधी फोन केला नाही, सरळ गेले. वहिनीने पाणी आणलं, मी प्यायले. काय झालं ते त्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, बाबांना आणायला मला का नाही पाठवलं कधी, मी मोठा होतो." हे त्याने पन्नास वर्षांत पहिल्यांदा विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. आईकडे असेल, ती आता नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी माझ्यासारख्या घरातून आलं असेल, तर तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. ती कशातून आली हे मला ठाऊक आहे. एवढंच सांगते, दारात आलेल्या मुलाला जवळ घ्याल तेव्हा श्वास रोखून पाहा.

दर शनिवारी लेकीचा फोन येतो. कुठे गेलो, कुणाबरोबर, काय घेतलं, ती सांगते. मी विचारत नाही, तीच सांगते. पुढच्या वर्षी ब्रुसेल्स आणि कोलोन म्हणतेय. ब्रुसेल्समध्ये मिदी स्टेशनजवळ कांतियाँ नावाचा जुना कारखाना आहे, तिथे यीस्ट घालत नाहीत. छपराखाली उघड्या पसरट भांड्यात रस रात्रभर निवत ठेवतात आणि हवेतूनच तो आंबतो. आमच्या आंबोळीच्या पिठासारखं. कोलोनला बिअर दोनशे मिलिलिटरच्या बारीक ग्लासात देतात, आणि पुरे झालं की ग्लासावर पुठ्ठ्याची चकती ठेवायची, नाहीतर वेटर आणतच राहतो. दोन्ही नावं मी वहीत लिहिली आहेत. गाड्यांच्या वेळा अजून टिपायच्या आहेत.